रेकॉर्डच्या शेवटी सांगितलेलं नाव

बाईंचा स्वभाव संशयी होता आणि त्याची त्यांना मुळीच लाज नव्हती. दुधाची पिशवी घरात आली की त्या आधी तारीख वाचत, मग पिशवी उजेडात धरून बघत, मग तारीख पुन्हा वाचत. गाण्याच्या क्लासला नवीन मुलगी आली, तर ती आधी कोणाकडे शिकत होती आणि तिथलं का सोडलं, हे काढून घेतल्याशिवाय तिला सूर लावू देत नसत. फुकट मिळालेली वस्तू, न कळवता आलेला पाहुणा आणि फोनवर "बाई, एक आनंदाची बातमी आहे" असं म्हणणारा माणूस, या सगळ्यांपासून त्या चार हात लांब राहत.

त्यामुळे रेकॉर्ड कंपनीचा माणूस फोनवर आनंदाची बातमी आहे म्हणाला, तेव्हा बाईंनी आत भांडी पुसणाऱ्या मावशीला खुणेने थांबवलं आणि त्या आधी खुर्ची ओढून बसल्या. मग म्हणाल्या, "बोला."

बातमी खरंच आनंदाची होती. 'उजेड ठेवून जा' या गाण्याची आजवरची सगळी रेकॉर्डिंगं कंपनी एका संचात काढणार होती. पहिलं अर्थातच बाईंच्या आईचं, तीन मिनिटांच्या काळ्या तबकडीवरचं. त्यानंतर पंधरा वर्षांनी एका नामांकित गायिकेने ते रेडिओसाठी गायलं, पण तिच्यामागे इतकी व्हायोलिनं होती की आवाज शोधावा लागे. मग बाईंची स्वतःची कॅसेट. ती मात्र दोन-तीन वर्षं बसमध्ये, दुकानात, न्हाव्याकडे, जिथे जाल तिथे वाजत होती. पुढे कोणा पोरांनी त्याच गाण्याखाली ढोल बडवले आणि लोक त्यावर नाचले. तो सीझन बाईंनी कानात बोळे घालून काढला. आणि आता बाईंची लेक ते फक्त एका गिटारवर गाणार होती. संचाच्या मुखपृष्ठावर 'तीन पिढ्यांचा एक गळा' असं छापायचं ठरलं होतं. ही ओळ बाईंना इतकी आवडली की त्यांना लगेच तिचाच संशय आला.

त्या गाण्यात एक जागा होती. तिसऱ्या ओळीत 'उजेड' म्हणताना आवाज मध्येच क्षणभर थांबतो, एक लहानसा श्वास ऐकू येतो आणि मग सूर वर जातो. दारापर्यंत गेलेलं माणूस मागे वळून बघतं तसं काहीतरी. त्या श्वासावर लोक जीव टाकायचे. व्हायोलिनवाल्या गायिकेने तो उचलला, ढोलवाल्या पोरांनीसुद्धा तेवढा ठेवला. बाईंकडे तर तो वारशानेच आलेला. 'आईचा श्वास माझ्या गळ्यात आहे,' असं त्या प्रत्येक मुलाखतीत सांगत. क्लासमधल्या मुली दोन-दोन वर्षं त्या जागेसाठी घासत. खुद्द आईने मात्र ते गाणं कधीही कार्यक्रमात गायलं नाही. लोकांनी फर्माईश केली की ती म्हणे, "ते रेकॉर्डवर आहे, घरी जाऊन ऐका." लोकांना तो तोरा वाटे. बाईंनाही तोराच वाटे, पण तो आईला शोभतो असं त्यांचं मत होतं.

"फक्त एक बारीकशी गोष्ट आहे," कंपनीचा माणूस शेवटी म्हणाला. कंपनीकडची मूळ तबकडी पार झिजली होती. एका संग्राहकाकडे चांगली प्रत निघाली होती, पण ती वापरण्याआधी बाईंनी स्वतः येऊन ऐकावी, असा त्याचा हट्ट होता. का, ते तो फोनवर सांगायला तयार नव्हता.

कुठेतरी पाणी मुरतंय, हे बाईंनी तिथेच ओळखलं.

त्या संग्राहकाला सगळे तबकडीवाला म्हणत. त्याच्या दोन खोल्यांत भिंती दिसत नव्हत्या, नुसत्या उभ्या लावलेल्या रेकॉर्डी. बसायला दोन खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर रेकॉर्डीच बसल्या होत्या. त्याने बाईंना दुसरी दिली आणि स्वतः उभा राहिला. माणूस मवाळ बोलणारा होता. मवाळ बोलणाऱ्यांबद्दल बाईंचं मत चांगलं नव्हतं.

त्याने आधी दोन तबकड्या दाखवल्या. दोन्हींचं गाणं तेच, लेबल तेच, नंबर तोच. पण मधल्या भोकाजवळ, जिथे खोबणी संपते तिथे, एकीवर एक रेघ कोरलेली होती आणि दुसरीवर दोन. ती कंपनी छोटी, तो सांगू लागला. रेकॉर्ड फार खपली की छापून छापून मूळ साचा झिजायचा. मग गाणाऱ्याला पुन्हा बोलवायचं, तेच गाणं पुन्हा गाऊन घ्यायचं आणि त्याच नंबरावर विकायचं. गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नसे. एक रेघ म्हणजे पहिलं गायन, दोन म्हणजे दुसरं. पहिल्याच्या प्रती फार थोड्या उरल्या आणि तुम्हीआम्ही सगळे ऐकत आलो ते दुसरं.

"बरं मग?" बाई म्हणाल्या. आई दोनदा गायली असेल, त्यात लपवण्यासारखं काय होतं?

अजून एक रीत होती, तो म्हणाला. छपाई व्हायची दुसऱ्या शहरात. एकदा तिथे लेबलांची अदलाबदल झाली आणि एका विनोदी नटाची नक्कल महिनाभर भजनाच्या नावाखाली खपली. तेव्हापासून मालकाने नियमच केला, की गाणं संपलं की गाणाऱ्याने आपलं नाव तोंडाने सांगायचं. पुढे लाँगप्ले आले, कॅसेटी आल्या, तेव्हा तेवढा शेवट कापून टाकला गेला.

त्याने सुई बदलली, तबकडी मऊ ब्रशने पुसली आणि एक रेघवाली लावली. खरखरीतून आवाज आला. गोड, स्वच्छ, जपून टाकलेल्या पावलांसारखा. तिसरी ओळ आली आणि सरळ निघून गेली. श्वास नव्हता. शेवटी आईने आपलं नाव सांगितलं. तो आवाज बाईंनी झोपेतही ओळखला असता. पन्नास वर्षं त्याच आवाजाने त्यांना रागावलं होतं.

मग दोन रेघांची. हिच्यातला कणन् कण बाईंना पाठ होता. श्वास जिथे यायचा तिथे आला, सूर वर गेला, गाणं संपलं. थोडी खरखर झाली. मग कागदावरून वाचावं तसं घाईघाईने एका आवाजाने आईचं नाव घेतलं.

नाव आईचं होतं, आवाज मावशीचा. रोज साडेबाराला स्वयंपाकघरातून "चला गं, पानं वाढलीत" म्हणणारा.

बाईंनी ते तीनदा लावायला सांगितलं. मग म्हणाल्या, तुमच्या यंत्राची गती चुकली आहे. त्याने गती मोजून दाखवली. मग म्हणाल्या, ही रेकॉर्डच बनावट आहे. त्यावर तो तबकडी पुसत राहिला. शेवटी त्यांनी विचारलं, ही तुम्हाला दिली कोणी? तो म्हणाला, नाव न सांगण्याचा शब्द दिला आहे. आणि त्याने दोन्ही तबकड्या पिशवीत सरकवल्या.

ती पिशवी बाईंनी ओळखली. हाताने शिवलेली, पिवळ्या कापडावर तपकिरी चौकोन. बाईंच्या लहानपणी बाहेरच्या खोलीला याच कापडाचे पडदे होते. घरातल्या सगळ्या रेकॉर्डी घर बदलताना फुटल्या, असं आई सांगायची. म्हणजे दोन तरी फुटल्या नव्हत्या आणि त्या बाईंच्या घरातूनच इथवर आल्या होत्या.

परतीच्या बसमध्ये बाईंचं डोकं गिरणीसारखं चालू होतं. लेकीने दिल्या असतील? आईच्या आणि आजीच्या सावलीत गायचा तिला कंटाळा आलाच होता, तसं ती बोलूनही दाखवायची. की केरवारे करणारी? की दोन गल्ल्या सोडून स्वतःचा क्लास काढून बसलेली ती जुनी विद्यार्थिनी? की कंपनीचा माणूसच मिळालेला आहे, संच खपावा म्हणून? एकेकाला त्यांनी मनात समोर उभं केलं आणि उलटतपासणी घेतली. मावशीचं नाव त्यांच्या मनात आलं नाही. मावशी कधी कशात नसायचीच.

मावशी आईची धाकटी बहीण. लग्न झालं नाही, जन्मभर आईच्याच घरात राहिली. स्वयंपाक, पोरांचे अभ्यास, आजारपणं, सगळं तिने काढलं. आई तिला एकटीला कुठे पाठवत नसे. बाजारात गेली तर कोणीतरी बरोबर हवंच. शाळेत नोकरी मिळत होती, आई नको म्हणाली. दुसऱ्या शहरातलं एक चांगलं स्थळ आलं होतं, त्या मुलाच्या कानात आईला खोट दिसली. ताईचा धाकटीवर केवढा जीव, असं सगळे म्हणायचे. आईच्या शोकसभेत बाईंनी स्वतः हेच सांगून लोकांचे डोळे ओले केले होते.

आणि मग त्यांना एक दुपार आठवली. क्लास चालू होता, आत भांडी पुसता पुसता मावशी तेच गाणं गुणगुणत होती. बाईंनी बारा मुलींसमोर आत आवाज दिला होता, "मावशी, तो श्वास चुकतोय. एकदा नीट रेकॉर्ड ऐक." आतून उत्तर आलं होतं, "हो का? ऐकते हं." बाईंचे कान तापले. बसमधल्या कोणाला कळलं असेल का, असं वाटून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

घरी पोचतात तोच कंपनीच्या माणसाचा फोन. तबकडीवाल्याने त्याला सगळं सांगितलं होतं. तो फार सांभाळून बोलला. हा तुमच्या घरातला प्रश्न, तुम्ही सांगाल ते छापू. नको म्हणालात तर शेवट पूर्वीसारखा कापू, तबकडीवालाही तोंड उघडणार नाही. संचाबरोबरची पुस्तिका मात्र उद्या दहाला छपाईला जाते.

म्हणजे सगळं बाईंच्याच हातात आलं. हो म्हटलं तर तीन पिढ्यांचा गळा गेला, चाळीस वर्षांच्या मुलाखती खोट्या ठरल्या, क्लासच्या पाटीवरचं आईचं नाव ओशाळलं आणि लेकीचं पहिलंच मोठं रेकॉर्डिंग या भानगडीत बुडालं. नको म्हटलं तर काहीच होणार नव्हतं. काहीच न होणं इतकं सोपं होतं की बाईंना त्याचाही संशय आला. शेवटी त्यांनी ठरवलं, मावशीला विचारायचं. ती नको म्हणेल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिने जन्मात काही मागितलं नव्हतं. ती नको म्हणाली की आपलं मन मोकळं, असा सरळ हिशेब होता.

सकाळी आठ वाजता मावशी आपल्या खोलीत खिडकीशी बसून मोज्यांच्या जोड्या लावत होती. नव्वदीला टेकलेली, पण जोडी चुकत नसे. बाईंनी दार लोटून घेतलं आणि आडवळण न घेता विचारलं, ती दुसरी रेकॉर्ड तू गायलीस का?

मावशीने हातातला मोजा मांडीवर ठेवला.

"तीन दिवसांची होतीस तू," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. आई दवाखान्यात तापाने फणफणलेली. रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन आलेली मंडळी शनिवारी जाणार होती. मालक म्हणाला, आता नाही तर दुसरी कोणी मुलगी गाईल. तेव्हा आईनेच पडल्या पडल्या सांगितलं, तू जा, तुला येतं. मावशी अठरा वर्षांची. माइक उंच होता म्हणून तिला खोक्यावर उभं केलं. तिसऱ्या ओळीत ते खोकं हललं.

"घाबरले गं. दम तुटला. म्हटलं, आता हाकलणार. मालक म्हणाला, जाऊ दे, वेळ नाही."

बाई ऐकत राहिल्या. व्हायोलिनवाली, ढोलवाली पोरं, स्वतः त्या, बारा-बारा मुलींच्या तुकड्या, सगळे जन्मभर एका हललेल्या खोक्याची नक्कल करत आले होते. त्यांना हसू आलं आणि त्याच्यापाठोपाठ रडू. दोन्ही त्यांनी गिळलं.

"आणि नाव?"

"माझं सांगायला तोंड उघडलं होतं. मालकाने कागद पुढे धरला."

मग बाईंनी योजून ठेवलेलं वाक्य काढलं. आवाज शक्य तितका मायेचा केला. म्हणाल्या, "हे आता बाहेर यावं असं तुला वाटत नसेलच ना? या वयात कशाला उगाच त्रास."

"कोण म्हणालं?"

"अगं, म्हणजे—"

"घाल माझं नाव," मावशी म्हणाली. "मी नको म्हणेन असं वाटलं ना तुला? ताईचं उलटं होतं. तिला वाटायचं, ही आज मागेल, उद्या मागेल. म्हणून तर तिने मला डोळ्यांआड होऊ दिलं नाही कधी. तुला ते प्रेम वाटायचं. होतंही थोडं. पण तुम्हा दोघींपैकी कोणी मला विचारलं मात्र नाही."

एकदम बाईंच्या डोक्यात उजेड पडला आणि त्या म्हणाल्या, "तबकड्या तू दिल्यास."

मावशीने मान हलवली. ट्रंकेत तळाशी, लोकरीच्या कपड्यांखाली होत्या. कंपनीला जुन्या प्रती हव्यात आणि तबकडीवाला त्या गोळा करतोय, असं पेपरात आलं होतं. बाईंच्या लेकीकडून तिने त्याचा नंबर लावून घेतला होता. लेकीला सांगितलं, जुन्या मैत्रिणीचा मुलगा आहे, त्याला माझ्याकडच्या दोन वस्तू द्यायच्यात. लेकीने तेवढ्यावर विश्वास ठेवला. काल वाटभर बाईंनी तिच्या नावाने बोटं मोडली होती, आणि ती बिचारी कशातच नव्हती.

"माझ्या पाठीमागे केलंस हे सगळं," बाई म्हणाल्या. त्यांना खरोखरच राग आला होता.

"तुझ्यासमोर केलं असतं तर करू दिलं असतंस?"

याचं उत्तर बाईंना ठाऊक होतं आणि मावशीलाही. बाईंनी फोन उचलला. कंपनीच्या माणसाला सांगितलं की दुसऱ्या रेकॉर्डिंगवर मावशीचं नाव घाला, पूर्ण नाव सांगितलं, नीट लिहून घेतलं का ते वाचून दाखवायला लावलं. शेवट कापू नका म्हणाल्या. तो चाचरत म्हणाला, मग मुखपृष्ठावरची ती ओळ? "काढा," बाई म्हणाल्या. आयुष्यभर ज्या गोष्टीच्या जोरावर उभ्या राहिल्या ती त्यांनी अर्ध्या मिनिटात स्वतःच्या तोंडाने काढून टाकली होती. फोन ठेवून त्या पलंगाच्या कडेला बसल्या. आता मावशी पाठीवरून हात फिरवेल, असं त्यांना वाटत होतं.

मावशी म्हणाली, "आणि तुझ्या कॅसेटचं?"

"तिचं काय?"

"तिच्यावर लिहिलंय, आईकडून शिकले. पुस्तिकेतही तेच छापणार. ताई ते गाणं घरातसुद्धा म्हणायची नाही. तुला कोणी शिकवलं?"

बाई आठ वर्षांच्या होत्या. स्वयंपाकघराच्या पायरीवर बसायच्या, मावशी कणीक मळता मळता एकेक ओळ द्यायची, चुकली की पुन्हा द्यायची. आई घरात आली की दोघी गप्प व्हायच्या. हे त्या विसरल्या नव्हत्या. फक्त सांगताना आईचं नाव बरं वाटायचं, आणि मग पुढे तेच खरं झालं.

मावशीकडे बघताना त्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की ही आता थांबणार नाही. आज हे, उद्या आणखी काय मागेल? हिला जरा आवरायला हवं. आणि तो विचार मनात असतानाच त्यांना जाणवलं की आपण डोळे बारीक करून, मान किंचित तिरकी करून बघतोय. असं मावशीकडे घरात एकच माणूस बघायचं. आई. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, कित्येकदा, नुसतं बघत. गळा आईचा नव्हताच कधी. आईकडून बाईंना मिळालं होतं ते हे एवढंच, आणि ते मात्र अगदी अस्सल मिळालं होतं. बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी नजर खाली घातली.

मग त्यांनी पुन्हा फोन लावला.

"बाई, आता काय झालं?" पलीकडून माणूस म्हणाला. त्याच्या आवाजात धास्ती होती.

"अजून एक ओळ बदलायची आहे," बाई म्हणाल्या. "घ्या लिहून."

मावशीने मांडीवरचे मोजे बाजूला केले आणि खुर्ची पुढे ओढली, बाई काय सांगतात ते नीट ऐकू यावं म्हणून.